आखातात पगार थकला, माणूस अडकला तर दूतावासाची मदत कशी मागायची

व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ येतो. खोलीत आठ-दहा जण बसलेले, एक जण हात जोडून म्हणतो, "चार महिने पगार नाही, कंपनी पासपोर्ट देत नाही, आम्हाला इथून सोडवा." गावात तो व्हिडिओ शंभर ठिकाणी फिरतो. आमदार, खासदार, मंत्री सगळ्यांना पाठवून होतो. मग कुणीतरी घरच्यांना विचारतं, कंपनीचं नाव काय? माहीत नाही. शहर कुठलं? "सौदी." पासपोर्टची झेरॉक्स? ती त्याच्याकडेच.

रत्नागिरी-रायगडातल्या अशा कुटुंबांचे अर्ज भरून देताना हेच वारंवार पाहिलं आहे. सरकार ऐकत नाही ही तक्रार काही वेळा खरीही असते. पण बहुतेक प्रकरणं पहिले तीन-चार आठवडे अडतात ती अर्ज अपुरा असल्यामुळे, चुकीच्या कार्यालयात गेल्यामुळे किंवा पायऱ्या उलट्या चढल्यामुळे. म्हणून हा लेख क्रमाने वाचा. माणूस अजून घरीच असेल तर पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करा. तो तिथे अडकलेला असेल तर थेट पाचव्या टप्प्यावर जा.

## दूतावासाकडून काय मागता येतं

दूतावास कंपनीशी बोलतो, तिथल्या कामगार खात्याकडे पाठपुरावा करतो, तुरुंगात भेटायला जातो, हरवलेल्या पासपोर्टऐवजी प्रवासाचा कागद देतो. खरोखर निराधार असलेल्याची राहण्या-जेवणाची आणि तिकिटाची सोय करतो आणि पार्थिव घरी पाठवायला मदत करतो. तिथल्या कोर्टाचा निकाल तो बदलू शकत नाही, कंपनीच्या खात्यातून पगार काढून देऊ शकत नाही आणि पोलिसांना "याला सोडा" असा हुकूमही देऊ शकत नाही. अर्जात जे त्याच्या हातात आहे तेच मागा.

## टप्पा १ : पासपोर्टवर 'ईसीआर' आहे का ते बघा

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा उल्लेख असतो. अशा पासपोर्टवर सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया अशा ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचं असेल तर निघण्याआधी उत्प्रवास मंजुरी लागते. ती देणारा अधिकारी म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. मुंबईतलं हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. अर्ज ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होतो.

दहावी पास असूनही जुन्या पासपोर्टवर ईसीआर राहिलेला असेल तर आधी दहावीचं प्रमाणपत्र लावून पासपोर्ट नव्याने काढून घ्या. घाईत हे राहून जातं.

इशारा : "मंजुरीची कटकट नको, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ" असं एजंट म्हणाला तर तिथेच थांबा. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाचा करार सरकारी नोंदीत कुठेच नसतो. त्याचा सक्तीचा विमा उतरवलेला नसतो. पुढे वाद झाला तर तो नोकरीवर होता हे सिद्ध करण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

## टप्पा २ : एजंट आणि व्हिसा दोन्ही तपासा

एजंट परवानाधारक असला पाहिजे. उत्प्रवास कायदा १९८३ प्रमाणे नोंदणीशिवाय परदेशी नोकरभरती करता येत नाही. ई-मायग्रेटवर परवानाधारक एजंटांची यादी सगळ्यांना खुली आहे. तिथे नाव, परवाना क्रमांक आणि पत्ता तिन्ही जुळवून बघा. फक्त नाव जुळलं म्हणून समाधान मानू नका, मिळत्याजुळत्या नावाने फसवणाऱ्यांचं काम त्यावरच चालतं. गावात येऊन पासपोर्ट गोळा करणारा "त्यांचा माणूस", म्हणजे सबएजंट, कायद्याला मान्यच नाही, मग तो तुमच्या नात्यातला का असेना.

परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, त्याची पावती द्यावीच लागते. एजंट लाख-दीड लाख मागत असेल आणि पावतीला नाही म्हणत असेल तर नोकरी खरी असली तरी व्यवहार बेकायदा आहे.

आता व्हिसा. आपल्याकडे 'आझाद व्हिसा' किंवा 'फ्री व्हिसा' हा शब्द फार गोड वाटतो. कफील (ज्याच्या नावावर व्हिसा निघतो तो तिथला मालक) नावापुरता, काम दुसरीकडे, हवं तिथे कमवा. त्या देशांच्या कायद्यात मात्र असा व्हिसा नसतो. ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्याच्याकडेच काम करायचं असतं. दुसरीकडे काम करताना पगार बुडाला तर कुणाविरुद्ध तक्रार करणार? कफील म्हणतो, हा माझ्याकडे कामाला नव्हता. मालक म्हणतो, हा माझ्या व्हिसावर नाही. तक्रार करणारा स्वतःच कायदा मोडणारा ठरतो. कुवेतमध्ये २० नंबरचा घरकामाचा व्हिसा देऊन दुकानात किंवा साइटवर कामाला लावतात, तोही हाच प्रकार. खासगी कंपनीतल्या कामासाठी तिथे १८ नंबर लागतो.

पडताळणी : व्हिसावरचा हुद्दा, करारातला हुद्दा आणि तोंडी सांगितलेलं काम, हे तिन्ही एकच आहे का? करारातला पगार त्या देशाच्या चलनात लिहिला आहे का? जेवण, खोली आणि परतीचं तिकीट कोण देणार हे लिहिलं आहे का?

## टप्पा ३ : घरी ठेवायची फाइल

सगळ्यात जास्त उपयोग या टप्प्याचा होतो आणि सगळ्यात जास्त लोक हाच टाळतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक प्लास्टिकची फाइल करा आणि ती घरात अशा माणसाकडे द्या, ज्याला वाचता-लिहिता येतं आणि जो फोन उचलतो. फाइलमध्ये हे ठेवा:

१. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स.
२. व्हिसाची प्रत.
३. सही केलेला करार. अरबीत असेल तर भाषांतरासह.
४. एजंटाचा परवाना क्रमांक, पैशांच्या पावत्या, बँकेतून पैसे दिल्याची नोंद.
५. प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी.
६. कंपनीचं पूर्ण नाव, शहर, फोन, आणि कफिलाचं नाव वेगळं असेल तर तेही.
७. तिथे आधीपासून असलेल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर.

हेच सगळं मोबाइलमध्ये फोटो काढून स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवा. फोन हरवतो, कधी जप्त होतो, पण ईमेल कुठूनही उघडता येतो. पासवर्ड घरच्या एका माणसाला माहीत असू द्या.

विम्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो काढला जातो आणि विसरला जातो. मंजुरी घेऊन जाणाऱ्या ईसीआर कामगाराला ही पॉलिसी सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. पॉलिसीचा कागदच सापडत नाही म्हणून दावा न केलेली घरं असतात. विम्याची मुदत संपत आली की नूतनीकरण करा. करार वाढला म्हणून विमा आपोआप वाढत नाही.

## टप्पा ४ : पोहोचल्यावर

तिथे उतरल्यावर पहिली चौकशी इकाम्याची, म्हणजे निवासी ओळखपत्राची करा. सौदीत आल्यापासून ९० दिवसांत तो काढण्याची जबाबदारी मालकाची असते. इकामा नसलेला किंवा संपलेला माणूस रस्त्यावर पकडला जातो तेव्हा चूक कंपनीची असली तरी त्रास कामगाराला होतो. मिळाला की त्याचा फोटो लगेच घरी पाठवा.

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला तर तसा मेसेज करून ठेवा: "माझा पासपोर्ट अमुक तारखेला अमुक साहेबांकडे दिला आहे." कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणं तिथल्या कायद्यातही गैर आहे, आणि हा साधा मेसेज पुढे पुरावा होतो.

पगार बँकेत जमा होत असेल तर स्टेटमेंट दर महिन्याला उतरवून घ्या. रोख मिळत असेल तर छोट्या वहीत तारीख, रक्कम, देणाऱ्याचं नाव लिहा. हजेरीपत्रकाचा फोटो, कामाच्या जागेचा फोटो आणि सुपरवायझरचे मेसेज पुसू नका.

इशारा : अरबीतल्या कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नका. "सगळी देणी मिळाली" असा कागद सह्या घेऊन ठेवलेला असतो आणि तो नेमका तक्रारीच्या वेळी पुढे येतो.

## टप्पा ५ : पगार थकला तर आधी काय, मग काय

क्रम चुकण्याचं प्रमाण इथे सर्वात जास्त आहे. कामगार वैतागतो, कॅम्प सोडतो, दुसरीकडे लपून काम करू लागतो आणि मग मदत मागतो. तोवर मालकाने तो पळून गेल्याची नोंद करून ठेवलेली असते. सौदीत याला हुरूब म्हणतात. एकदा हुरूब लागला की पगाराची तक्रार मागे पडते आणि आधी ते प्रकरण सोडवावं लागतं.

योग्य क्रम असा:

पहिलं, मालकाला लेखी मागणी. व्हॉट्सअॅप चालेल. किती महिन्यांचा, किती पगार बाकी आहे ते स्पष्ट लिहा. शिवीगाळ नको, धमकी नको.

दुसरं, त्या देशाच्या कामगार खात्यात तक्रार. पगार वसूल करून देण्याची ताकद त्यांच्याकडेच आहे, दूतावासाकडे नाही. यूएईत मनुष्यबळ मंत्रालयाकडे ऑनलाइन तक्रार होते. सौदीत आधी तडजोडीची फेरी होते, ती फसली तर प्रकरण कामगार न्यायालयात जातं. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. अशा दाव्यांना मुदत असते, म्हणून दुसरा पगार चुकला की थांबू नका.

तिसरं, दूतावासाला कळवणं. दुसऱ्या पायरीचा क्रमांक हातात असेल तर दूतावासाच्या पत्राला वजन येतं. भाषा येत नाही किंवा कार्यालय फार लांब आहे म्हणून तक्रार करता येत नसेल तर तसं दूतावासाला सांगा, ते त्यात मदत करतात.

अपवाद : मारहाण, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं किंवा लैंगिक छळ होत असेल तर हा क्रम सोडा. जीव वाचवून थेट दूतावास गाठा किंवा पोलिसांना फोन करा. घरकामाला गेलेल्या बायकांसाठी हे विशेष लक्षात ठेवा. निघाल्यावर वाटेत ओळखीच्याकडे दोन-चार दिवस राहू नका, सरळ दूतावासात जा.

## टप्पा ६ : तक्रार योग्य दारात द्या

सौदीत आपली दोन कार्यालयं आहेत. दम्माम, जुबैल, रियाध, कसीम, हाइल हा भाग रियाधच्या दूतावासाकडे. मक्का, मदिना, जेद्दा, तबूक, जिझान, नजरान हा पश्चिमेचा पट्टा जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडे. यूएईत अबुधाबी आणि अल ऐन अबुधाबीच्या दूतावासाकडे, तर दुबई, शारजा, अजमान, रस अल खैमा, फुजैरा हे दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडे. कंपनीचं मुख्य ऑफिस कुठे आहे ते न बघता माणूस प्रत्यक्ष कुठे आहे ते बघा.

घरच्यांसाठी मुख्य साधन म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल. ईमेल आणि मोबाइल नंबरने नोंदणी करायची, तक्रारीचा प्रकार निवडायचा (थकलेला पगार, करारातला वाद, तुरुंगवास, मायदेशी परत आणणं, बेपत्ता व्यक्ती, पार्थिव वगैरे), देश आणि दूतावास निवडायचा, कागद जोडायचे. शेवटी तक्रार क्रमांक मिळतो. तो फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

इंटरनेट जमत नसेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातला टोल-फ्री नंबर १८०० ११ ३०९० आहे. अशी केंद्रं दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूरलाही आहेत. दुबईच्या केंद्राचा यूएईतून लागणारा नंबर ८०० ४६३४२.

तक्रारीचा मजकूर असा असावा, थोडका आणि तारखांचा:

"माझे पती (नाव, पासपोर्ट क्रमांक, इकामा क्रमांक) दि. ___ पासून (कंपनीचं नाव, शहर) येथे (हुद्दा) म्हणून कामास आहेत. करारानुसार पगार ___ रियाल. दि. ___ पासून ___ महिन्यांचा पगार मिळालेला नाही. दि. ___ रोजी कामगार खात्यात तक्रार क्र. ___ दाखल केली आहे. इकाम्याची मुदत दि. ___ रोजी संपली आहे. सध्या ते (पत्ता, मोबाइल) येथे राहतात. विनंती: १) थकीत पगारासाठी कंपनीशी संपर्क, २) फायनल एक्झिट (देश कायमचा सोडण्याची परवानगी) मिळण्यासाठी मदत."

हे इंग्रजीत पाठवणं बरं, कारण तिथे वाचणारा अधिकारी मराठी असेलच असं नाही. दहावी-बारावीचा मुलगा-मुलगी हे भाषांतर करू शकतात. अलंकारिक काही लिहू नका. "आम्ही रस्त्यावर आलो आहोत" यापेक्षा "घरी दोन लहान मुलं, दुसरं उत्पन्न नाही" हे वाक्य जास्त कामाचं आहे, कारण त्यावरून दूतावासाच्या कल्याण निधीतून (टप्पा ८) मदतीची पात्रता ठरते.

नेहमीच्या चुका : दहा जणांची एकत्र एकच तक्रार, तीही नावांच्या यादीशिवाय. एकाच प्रकरणाच्या चार तक्रारी, प्रत्येकीत पगाराचा वेगळा आकडा. पासपोर्ट क्रमांकात एका अक्षराची चूक. अडकलेल्या माणसाचा चालू नंबर न देणं. शिवाय एजंटाविरुद्धचं गाऱ्हाणं मददवर टाकून बसणं. एजंट भारतात आहे, त्याची तक्रार ई-मायग्रेटवर आणि आपल्या पोलीस ठाण्यात द्यायची.

## टप्पा ७ : पाठपुरावा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. तक्रार क्रमांक देऊन विचारा, "पुढची पायरी कोणाकडे आहे?" मिळालेलं उत्तर, तारीख आणि बोलणाऱ्याचा हुद्दा लिहून ठेवा. दूतावास ओपन हाउस, म्हणजे तक्रारी समोरासमोर ऐकण्याच्या खुल्या बैठका, भरवतात, तिथे कामगाराला प्रत्यक्ष जाता येत असेल तर जाऊ द्या. समोर बसून पाच मिनिटांत जे होतं ते महिनाभर ईमेलवर होत नाही.

आमदार-खासदारांचं पत्र उपयोगी पडतं, पण त्यात तक्रार क्रमांक असेल तरच. दोन-तीन आठवडे काहीच हललं नाही तर तेव्हा ते पत्र घ्या. व्हिडिओ मात्र सांभाळून. मालकाचं नाव घेऊन केलेल्या आरोपांचा व्हिडिओ तिथे पसरला तर बदनामीचा खटला कामगारावरच होऊ शकतो. त्या देशांत हे कायदे कडक आहेत.

## टप्पा ८ : परतीचा प्रवास

तिकीट सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी एक्झिट, मुदत उलटून राहिल्याचा दंड आणि कोर्टात केस असेल तर तिचा निकाल, एवढं मोकळं व्हावं लागतं. पासपोर्ट हरवला असेल तर दूतावास फक्त भारतात परतण्यासाठी आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. घरच्यांनी आधीच तिकीट काढून पाठवू नये, पैसे वाया जातात.

स्वतःचे पैसे नसतील तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून तिकीट, तात्पुरती राहण्याची सोय, काही दंड, वकील यासाठी मदत मिळू शकते. परिस्थिती बघून, गरजूंना, दूतावासाच्या निर्णयाने. दूतावासाच्या सेवांवर लोकांकडून घेतल्या जाणाऱ्या छोट्या शुल्कातून हा निधी उभा राहतो, म्हणजे तो तिथल्या भारतीयांचाच पैसा आहे. मागायला लाजू नका. आणि "निधी मिळवून देतो" म्हणून टक्के मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

## अटक झाली तर

पहिलं वाक्य एवढंच: "मी भारतीय आहे, माझ्या दूतावासाला कळवा." वाणिज्य संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या माणसाला हे मागण्याचा अधिकार आहे, पण बहुतेकदा ते मागावं लागतं. दुभाष्याशिवाय जबाबावर सही करू नका. घरच्यांनी मददवर तुरुंगवास हा प्रकार निवडून तक्रार करावी. पोलीस ठाण्याचं किंवा तुरुंगाचं नाव माहीत असेल तर शोध लवकर लागतो. औषधं चालू असतील तर तेही लिहा, अधिकारी भेटीला जातो तेव्हा ते विचारू शकतो.

## मृत्यू झाला तर

या प्रसंगात घरच्यांना काही सुचत नाही, म्हणून शेजारच्या एकाने कागदांची जबाबदारी घ्यावी. दूतावासाला मृत व्यक्तीचा पासपोर्ट, स्थानिक मृत्यूचा दाखला, आणि वारसांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. त्यात पार्थिव भारतात आणायचं की तिथेच दफन वा अंत्यविधी करायचा हे स्पष्ट लिहावं लागतं, आणि तिथल्या एका माणसाला सह्यांचा अधिकार द्यावा लागतो. वारसांत एकमत नसेल तर पार्थिव शवागारातच राहतं. हे बोलणं घरातल्या मोठ्यांनी पहिल्याच दिवशी उरकावं.

अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस तपास संपेपर्यंत परवानगी मिळत नाही. तेवढ्या दिवसांची नातेवाइकांना कल्पना द्या. पाठवण्याचा खर्च सहसा मालकाने करायचा असतो. तो तयार नसेल तर कल्याण निधीसाठी लगेच लेखी विनंती करा.

पार्थिव आल्यावर सगळं संपलं असं समजून फाइल कपाटात ठेवली जाते. ती ठेवू नका. थकलेला पगार, सेवेची अखेरची देणी, अपघात असेल तर नुकसानभरपाई आणि विम्याचे १० लाख, प्रत्येकाचा दावा वेगळा करावा लागतो. मृत्यूच्या दाखल्याच्या आणि वारस दाखल्याच्या निदान चार-चार साक्षांकित प्रती काढून ठेवा. पगार-भरपाईसाठी दूतावासाला अर्ज करताना वारसाच्या नावाचं भारतातलं बँक खातं द्या. खात्यावरचं नाव आणि वारस दाखल्यावरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते आधी बघा. एकीकडे "फातिमा" आणि दुसरीकडे "फातीमाबी" असल्याने तिथून निघालेली रक्कम परत गेल्याची उदाहरणं आहेत.